दहा गॅलनचा समुद्र

मागच्या शनिवारी पुण्याहून कॉलेजच्या मित्राचा फोन आला. "अरे, दिवाळीला येतोयस ना? मग येताना ते डोलणारं कोरल असतं ना, त्याचे दोन तुकडे आण. मी टँक घेतलाय. छोटासाच आहे, त्यामुळे कटकट नाही. आणि जरा भराभर वाढणारं आण रे, टँक लवकर भरलेला दिसला पाहिजे."

एका दमात तीन चुका! अर्धा तास भांडलो, तरी समाधान झालं नाही. म्हणून आज सकाळचा चहा बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

आधी कबुली. या तिन्हीपैकी दोन चुका मी स्वतः केल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी इथे न्यू जर्सीत मी दहा गॅलनचा टँक घेतला. २० इंच लांब, १० इंच रुंद. आत दगड आणि वाळू टाकल्यावर पाणी उरलं जेमतेम ३० लिटर. म्हणजे आपल्याकडच्या दोन बादल्या. दुकानदाराने गॅलॅक्सी कोरलचा तुकडा दिला, दहा रुपयांच्या नाण्याएवढा. दिवसा एकदम गोजिरवाणं प्रकरण. रात्री मात्र हे साहेब लांबलचक दोऱ्यांसारखे टेन्टकल्स बाहेर काढतात आणि आसपास जे कोणी असेल त्याला डंख मारत सुटतात. हे दोरे फूटभर लांब होऊ शकतात. माझ्या टँकची रुंदी किती? दहा इंच! तीन आठवड्यांत शेजारचं टॉर्च कोरल एका बाजूने वितळलं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला. दुकानदार म्हणाला, दोघांमध्ये जरा अंतर ठेव. च्यायला, अंतर आणू कुठून?

यात गॅलॅक्सीची काहीएक चूक नव्हती. खऱ्या रीफवर जागा आणि उजेड यांसाठी मारामारी असतेच, ते त्यासाठीच बनलेलं आहे. चूक तुकड्याची साइज बघून विकत घेणाऱ्याची. आपण लहान मुलाचे कपडे घेतानासुद्धा वाढीव मापाचे घेतो, मग इथेच अक्कल कुठे जाते?

"मग सॉफ्ट कोरल घे, ती गरीब असतात" हा दुसरा फंडा. झेनिया बघता बघता एका दगडावरून दुसऱ्यावर जातं. ग्रीन स्टार पॉलिप्सची जांभळी चादर दगड सोडून काचेवर चढते. लेदर कोरल घरच्या टँकमध्येही फूटभर पसरतं, वर शेजाऱ्यांना दाबायला पाण्यात रसायनं सोडतं. समुद्रात ती वाहून जातात. दोन बादल्यांमध्ये ती कुठे जाणार? कार्बन टाकून थोडी कमी होतात, एवढंच.

आता "छोटा म्हणजे सोपा" या थापेबद्दल. साधं गणित करा. ३० लिटर पाणी, खारटपणा हजारी ३५. रोज अर्धा लिटर वाफ झाली आणि तुम्ही लाँग वीकेंडला चार दिवस बाहेर गेलात, तर उरतं २८ लिटर. मीठ तेवढंच, म्हणजे खारटपणा ३७.५! तीनशे लिटरच्या टँकमध्ये तेच दोन लिटर जाणवतही नाहीत. शिवाय टणक सांगाड्याचं कोरल जितकं भराभर वाढतं, तितकं पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ओढून घेतं. मोठ्या टँकमध्ये चूक सुधारायला आठवडा मिळतो, छोट्यात एक रात्र. प्रॉडक्शनचा लोड आपण कुणी आपल्या लॅपटॉपवर टाकू का? मग इथे का टाकतो?

यावर लोक म्हणतात, वाढलं की कापायचं. मान्य, कापून वाढवलेल्या तुकड्यांमुळे समुद्रातून कमी कोरल काढावं लागतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण दर पंधरा दिवसांनी दोन बादल्यांमध्ये कापाकापी म्हणजे त्यातून निघणारा सगळा चिकट द्रव बाकीच्यांच्या नशिबी. आणि कापताना काय हातात आहे तेही माहीत हवं. काही पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. असे दगड घरात घासून किंवा उकळून अख्खं कुटुंब हॉस्पिटलात पोचल्याची उदाहरणं आहेत.

आणि सगळ्यात लाडकं उत्तर: "पुढच्या वर्षी मोठा टँक घेणारच आहे." मंडळी, आपण आयटीवाले. फेज टू कधी येते, ते मी तुम्हाला सांगायला हवं का? :-)

आता मित्राची तिसरी चूक, आणि ही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रीफ बांधणारी सगळी टणक प्रवाळं भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे ज्या यादीत वाघ, त्याच यादीत ही. देशाबाहेरून आणायची तर साइट्स कराराखाली परवाने लागतात. "बॅगेत टाक, कोण बघतंय" हे वाघाच्या बछड्याबद्दल तो बोलला असता का? प्रवाळ ओरडत नाही, म्हणून आपल्याला ते शोपीस वाटतं.

बरं, डोलणारं कोरल बघायचंच असेल तर पुण्याहून मालवण एका रात्रीच्या प्रवासावर आहे. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात प्रवाळ आहे. स्नॉर्कल लावा, बघा, कशाला हात लावू नका, परत या.

माझं म्हणाल तर गॅलॅक्सी आणि उरलेलं टॉर्च मी दुकानात परत देऊन आलो, फुकट. आता टँकमध्ये एक छोटा गोबी मासा आहे आणि एक पिस्तुल झिंगा. झिंगा दिवसभर बीळ खणतो, गोबी दारात पहारा देतो. दोघांना तेवढी जागा पुरते. टँक अर्धा रिकामा दिसतो, येणारे पाहुणे विचारतातही, "बाकीचं कधी भरणार?"

नाही भरणार.

मित्राला मेल टाकलाय. बॅगेत चितळेंचे रिकामे डबे आणतोय, जाताना भरून न्यायला. कोरल मिळणार नाही.