विश्लेषण : स्विचमधली जागा संपली, तर कोणाचा डेटा फेकायचा?

डेटा सेंटरमध्ये अनेक सर्व्हर एकाच क्षणी एकाच सर्व्हरला डेटा पाठवतात. ही गर्दी झेलायला नेटवर्क स्विचमध्ये बफर, म्हणजे तात्पुरती साठवणूक असते. ती भरली की डेटाची पॅकेटं फेकली जातात, पुन्हा पाठवावी लागतात. तोवर एआयचे महागडे प्रोसेसर नुसते वाट पाहत बसतात.

अडचण नेमकी काय?
बफर सगळ्या पोर्टांना मिळून वापरायचा असतो. एकाच रांगेने तो अडवला तर इतरांची पॅकेटं जातात. प्रत्येकाला जागा राखून ठेवली तर ती रिकामी पडते. पुढच्या क्षणी काय येणार, हे स्विचला माहीत नसतं. असे निर्णय घेणाऱ्या पद्धतींना 'ऑनलाइन अल्गोरिदम' म्हणतात.

उपाय कोणते?
'लाँगेस्ट क्यू ड्रॉप'मध्ये सर्वांत लांब रांगेतलं पॅकेट काढलं जातं. भविष्य ठाऊक असलेल्या आदर्श पद्धतीच्या तुलनेत निम्मी पॅकेटं तरी ती पोहोचवतेच, हे गणिताने सिद्ध झालंय. २०२१ मध्ये ही हमी आणखी सुधारली. पण आत घेतलेलं पॅकेट बाहेर काढणं चिपला जड जातं. म्हणून अनेक स्विच १९९८ची 'डायनॅमिक थ्रेशोल्ड' पद्धत वापरतात : मोकळी जागा घटली की प्रत्येक रांगेची मर्यादाही घटते.

पुढे काय?
२०२४ मध्ये संशोधकांनी 'क्रेडेन्स' मांडलं. पॅकेट घ्यायचं की नाही, हे ते मशीन लर्निंगच्या अंदाजावरून दारातच ठरवतं. अंदाज चुकत गेले तर कामगिरी घसरते, पण एकदम कोसळत नाही. एआयवर विसंबताना हीच हमी महत्त्वाची.