शेततळ्यातला मांगूर धरणात कसा गेला?

गेल्या हिवाळ्यात ज्वारीच्या बैठकीसाठी आम्ही कर्जत तालुक्यात खेडच्या बाजूला होतो. बैठक लवकर आटोपली. तिथल्या एका मासेमार भावाने 'गळ टाकायला येता का?' म्हणून विचारले आणि आम्ही त्याच्या होडीत बसलो. उजनीचे पाणी इथे आपल्या नगर जिल्ह्याला लागून आहे. पलीकडे भिगवण दिसते.

मिशीवाला मासा रात्री तळाशी चरतो. त्यासाठी लांब दोरीला ओळीने गळ बांधतात, गळाला गांडूळ नाहीतर कोंबडीची आतडी लावतात, दोरीच्या टोकांना दगड बांधून ती तळाशी सोडतात. वर खूण म्हणून रिकामी प्लॅस्टिकची बाटली तरंगत राहते. पहाटे दोरी उचलायची. पूर्वी या दोरीला शिंगाळा लागे, शिवडा लागे. शिंगाळ्याचा काटा घुसला तर हात ठणकत राहतो, पण भिगवणच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक पक्के.

त्या पहाटे दोरीवर नऊ मासे आले. त्यांतले सहा मांगूर. देशी नव्हे, तो आफ्रिकेतला, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात. भावाने एकाचे पोट चिरून दाखवले. आत कटल्याची पिल्ले होती.

"साहेब, हा मासा नाही, लांडगा आहे," तो म्हणाला. "आम्ही कुणी हा धरणात सोडला नाही. वरच्या तळ्यांतून आला, ओढ्याने."

आम्ही गप्प बसलो. गप्प बसण्याचे कारण आता छापून सांगतो.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि कोरडवाहू शिवारात तळी झाली. कपाशीला एक-दोन पाणी देता येईल, उरलेल्या पाण्यात मासा होईल, असा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. २०१७ साली आमच्या एका कार्यकर्त्याकडे बी विकणारा आला. सहा-सात महिन्यांत किलोचा मासा, पाणी घाण झाले तरी मरत नाही, कोंबडीच्या दुकानाचा कचरा घातला की झाले. त्याने आम्हाला विचारले. आमच्याकडे शेतीची पदवी आहे. आम्ही म्हणालो, टाक, हरकत नाही. बंदी आहे हे कानावर आलेले होते, पण सरकारी बंदी म्हणजे काहीतरी कागदी खूळ असेल अशी आमची तेव्हाची समजूत. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत त्याचे तळे भरून वाहिले. मासा ओढ्याला लागला आणि ओढा भीमेला. त्या सहांतला एखादा त्या तळ्याच्या वंशातला असेल, नसेल. सल्ला मात्र आमचाच होता.

केंद्र सरकारने या माशाच्या पालनावर २००० साली बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितले. त्यानंतर भीमाकाठी तळी उकरली गेली, मासा खड्ड्यात पुरला गेला. तरी मांगूर आहेच. हा मासा हवेतूनही श्वास घेतो. प्राणवायू संपलेल्या पाण्यात रोहू मरतो, हा जगतो. ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. ज्याला घाण पाणी मानवते त्याला आपण घाण पाणी पुरवतो. मासा बेकायदेशीर ठरला. ते सांडपाणी रोज येते, त्याला कोणी खड्ड्यात पुरत नाही.

बंदीचे नाव काढले की आपल्या कपाळाला आठी पडते. बियाणे कोणते पेरायचे हे अधिकाऱ्याने सांगू नये, हे आम्ही सभेसभेत बोलतो आणि पुढेही बोलू. मग मांगुराला वेगळा न्याय का? आमचे उत्तर असे. माझ्या रानातली कपाशी बुडाली तर मी बुडतो. माझ्या तळ्यातला मांगूर फुटला तर ज्याने माझे तळे कधी पाहिले नाही त्या होडीवाल्याचे जाळे रिकामे राहते. त्याला कोणी विचारले होते?

हे समजायला लांब जायला नको. आपल्या जिल्ह्यातच हिवरे बाजार आहे. पाऊस आपल्याइतकाच, म्हणजे बेताचा. तिथल्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही असे ठरवले आणि पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. पोपटराव पवारांचे नाव झाले, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, सहली सुरू झाल्या, ते सोडा. शिकण्याची गोष्ट एकच: बांध माझा असला तरी खालचे पाणी सगळ्यांचे, आणि त्याचा निर्णय चारचौघांत बसून होतो. वरून हुकूम आला म्हणून ते गाव बोअर घेत नाही असे नाही. तळ्यात सोडायच्या माशाचा निर्णयही आपल्या ग्रामसभांत असाच व्हायला हवा. आज तो बी विकणारा करतो.

बी विकणारा 'देशीच आहे' म्हणून शपथ घेईल. सहा-सात महिन्यांत किलो भरेल असे म्हणाला की ओळखा, देशी मांगूर इतका भरभर वाढत नाही. देशी मांगुराचे बी तयार करणेही जिकिरीचे. त्यासाठी नर मासा सहसा मारावा लागतो. म्हणून ते थोडे आणि महाग मिळते. ते मुबलक करणे हे विद्यापीठांचे आणि मत्स्य खात्याचे काम. तोवर रोहू, कटला, मृगळ यांची मोठी बोटुकली सोडावी. बारीक जिरे सोडले तर आपल्या तळ्याचे पाणी संपेपर्यंत मासा विकण्याजोगा होत नाही, आणि त्या निराशेतच मांगूरवाला दारात येतो.

जिल्हा बैठकीत आम्ही दोन मागण्या ठेवणार आहोत. ज्या शेतकऱ्याने स्वतःहून मांगूर असल्याचे कळवले त्याच्यावर गुन्हा नको आणि त्याला बोटुकली मोफत मिळावी. आणि तळी उकरण्याआधी बियाच्या गाड्या अडवा; आजवर तळेवाला सापडतो, गाडीवाला सापडत नाही.

ज्यांच्या तळ्यात हा मासा आहे त्यांनी पावसाळ्याआधी पाणी उपसून तो काढावा आणि चुना टाकून पुरावा. ओढ्यात सोडू नये, कुणाला फुकट देऊ नये. आणि तळे आटले म्हणजे मासा मेला असे धरून चालू नका, तळाचा ओला गाळ फावड्याने उलटून बघा.