पाइप ठेव भावा, बादली घे

रविवारी सकाळी आमच्या लातूरच्या गल्लीत एक ठरलेला आवाज येतो. आधी बोअरची मोटर, मग पत्र्यावर आपटणारं पाणी. कुणीतरी गाडी धूत असतं. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात मोबाइल आणि पाणी गेटखालून थेट नालीत. हे ‘कुणीतरी’ बऱ्याचदा आमचे पप्पाच असतात, त्यामुळे मी शेजाऱ्यांची उणीदुणी काढतोय असं समजू नका.

मागच्या सुट्टीत मी त्या पाइपखाली बादली लावून बघितली. 15 लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला 12 लिटर. पप्पांची धुलाई वीस मिनिटं चालते. 240 लिटर! पप्पा म्हणाले, ‘‘अभ्यास सोडून हे काय करलालास?’’

पण तो आकडा डोक्यातून जाईना, कारण आपण लातूरचे आहोत. 2016 साली मी चौथीत होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनानं जमावबंदी लावली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण 50 हजार लिटर. पुढे 50 वाघिणींची गाडी यायला लागली. त्या वाघिणीसुद्धा आधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेनं स्वच्छ कराव्या लागल्या, तेव्हा कुठं त्यांत प्यायचं पाणी भरता आलं. आता हिशेब करा. पप्पांसारख्या दोनशे जणांनी एका रविवारी पाइप धरला की जवळजवळ एक अख्खी वाघीण नालीत जाते. लातुरात गाड्या किती आहेत, ते तुम्हीच बघा.

यावर दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, ‘‘आता कुठाय टंचाई?’’ खरंय. 2025 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात शेतं पाण्याखाली गेली, लोकांचे संसार वाहून गेले. पण आपल्याकडं पूर आणि दुष्काळ यांच्यात फार अंतर नसतं, हे आपल्या आज्यांना विचारा. दुसरं उत्तर, ‘‘नळाचं नाही, आमच्या बोअरचं पाणी आहे.’’ याचा मला जास्त राग येतो. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. ती भेग तुमच्या कंपाउंडपाशी संपत नाही. तुमची मोटर जे ओढते, त्यातलं थोडं शेजारच्या काकूंच्या बोअरचंही असतं.

तिसरा मुद्दा मीच मांडतो, म्हणजे कमेंट करणाऱ्यांचे कष्ट वाचतील. ऊस गाड्यांपेक्षा कितीतरी पट पाणी पितो. मान्य, शंभर टक्के मान्य. दुष्काळ गाड्या धुतल्यानं पडत नाही. पण उसाचं धोरण माझ्या हातात नाही, पाइप आहे. शिवाय बंगळुरूत मार्च 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आली आणि पाच हजारांचा दंड लावला गेला. तिथल्या लोकांवर ही वेळ अचानक आली. आपल्याला तर आधीच एकदा इशारा मिळालाय.

आता गंमत म्हणजे, पाण्याचं सोडा, गाडीसाठीसुद्धा आपली पद्धत वाईट आहे. लातूरहून नांदेडला चाकूर, अहमदपूर, लोहा करत या, गाडीवर धुळीचा थर बसलेला असतो. त्या धुळीत बारीक कठीण कण असतात. सकाळी आपण काय करतो? डिकीतला जुना फडका काढतो आणि कोरडाच फिरवतो. म्हणजे रंगावर हलक्या हातानं पॉलिश पेपर मारतो. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40-50 मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. उन्हात काळ्या किंवा लाल गाडीवर गोल गोल जाळं दिसतं ना, ती फडक्याचीच करामत.

दुसरा शत्रू बोअरचं पाणी. ते जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. नांदेडच्या मे महिन्यात पत्र्यावर पाणी पडलं की मिनिटाभरात वाळतं आणि पांढरे ठिपके राहतात. आपण म्हणतो, नीट धुतली नाही, अजून पाणी मार. आणखी ठिपके! ठिपका नवा असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून हलकं पुसलं आणि लगेच साध्या पाण्यानं धुतलं तर जातो. जुना झाला तर तो क्लिअर कोटमध्येच बसतो.

मग धुवायची कशी? आमच्या घरी आता हे चालतं. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी, गाडी सावलीत, बॉनेट थंड झालेलं. एक छोटा हातपंप, शेतात फवारणीला वापरतात तसा, पण नवा. तणनाशक भरलेला घरचा पंप आणू नका, तो कितीही धुतला तरी नको. त्यानं बारीक फवारा मारून धूळ पाच मिनिटं भिजू द्यायची. चार-पाच लिटरमध्ये भागतं. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं कापड शाम्पूत बुडवा, एक भाग पुसा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडा, मग परत शाम्पूत. दुसरी बादली कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. धुऊन झाल्यावर तिच्या तळाशी बसलेली माती बघा. एकच बादली असती तर ती माती परत गाडीवर घासली गेली असती.

टपापासून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचं कापड वेगळं. कापड जमिनीवर पडलं की ते त्या दिवसापुरतं बाद. शेवटी पंपानं साबण उतरवायचा आणि लगेच, म्हणजे खरंच लगेच, दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपून घ्यायचं. एकूण 30-35 लिटरमध्ये हॅचबॅक निघते. उरलेलं साधं पाणी पार्किंगची फरशी धुवायला.

कपड्यांची पावडर वापरू नका, भांड्यांचा साबणही नको. ते तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे रंगावरचं वॅक्सही काढून टाकतात. वॅक्सचा डबा एकदा घेतला की वर्षभर सहज पुरतो. धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर पातळ हात द्यायचा, थोडं वाळलं की पुसायचं, उन्हात आणि काळ्या प्लॅस्टिकवर नाही. त्यानंतर पाणी थेंब होऊन घसरतं, धूळ कमी चिकटते, पुढच्या वेळी पाणी कमी लागतं. दोनेक महिन्यांनी परत. पक्ष्याची विष्ठा आणि झाडाचा चीक मात्र रविवारपर्यंत थांबवू नका. ओलं कापड ठेवून मऊ करायचं आणि उचलायचं, घासायचं नाही.

आपल्यातल्या बहुतेकांकडे कार नाही, बाइक आहे, हे मला माहितीय. तिला तर एक बादली खूप झाली. गरम सायलेन्सरवर पाणी ओतू नका आणि वॉशिंग सेंटरवाल्याला चाकाच्या मधोमध प्रेशर मारू देऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. मागे एका सेंटरवर पोरानं माझी बाइक धुतल्यावर डिझेलचा फडका मारून दिला. चकाकली, मी खूश. रूमवर पोचेपर्यंत सगळी धूळ तिच्यावर! शिवाय डिझेलनं रबर फुगतं ते वेगळंच. त्या पोराचा दोष नाही, गिऱ्हाइकाला चकाकीच हवी असते.

दसऱ्याला आमच्याकडं गाड्यांची पूजा असते, हार, हळद-कुंकू, नारळ. यंदा मी पप्पांना म्हटलं, आधी माझ्या पद्धतीनं धुऊ. दोन बादल्या बघून आजी हसली. म्हणाली, ‘‘सोळा साली याच दोन बादल्यांत चौघांच्या आंघोळी व्हायच्या.’’ पप्पा काही बोलले नाहीत, कापड घेऊन टप पुसायला लागले. टायर मात्र त्यांना अजून पाइपनंच धुवायचे असतात. बोलणी चालू आहेत.