कोणाच्या देखत?

युरोपातील लैंगिक शिक्षणाच्या चित्रपटांचा इतिहास बहुधा ऱ्हासकथेच्या साच्यात सांगितला जातो. आधी शासनाने आणि डॉक्टरांनी गांभीर्याने शिकवले. पुढे खाजगी दूरचित्रवाणी आली आणि शिक्षणाचा बाजार झाला. पश्चिम जर्मनीचे उदाहरण तपासले असता हा साचा टिकत नाही, असे आमचे मत आहे.

१९६७ साली तेथील आरोग्य मंत्रालयाच्या पुढाकाराने ‘हेल्गा’ हा चित्रपट निघाला. प्रत्यक्ष प्रसूतीचे दृश्य त्याने चित्रगृहात आणले आणि ते पाहण्यासाठी लाखोंनी तिकिटे काढली. ज्ञान आणि गल्ला यांची गाठ अशी सरकारी चित्रपटातच पडली होती. १९६८ मध्ये ओस्वाल्ट कोले हे नियतकालिकांतील लेखक ‘प्रेमाचा चमत्कार’ घेऊन पडद्यावर आले. १९७० मध्ये ‘शाळकरी मुलींचा अहवाल’ आला आणि १९८० पर्यंत त्याचे १३ भाग निघाले. अहवालाचा आव, रस्त्यावरच्या मुलाखती, निवेदकाचा काळजीचा सूर हे सारे शिक्षणपटाकडून उसने घेतलेले. आतला ऐवज मात्र उत्तान करमणुकीचा. तेथे खाजगी वाहिन्या सुरू झाल्या त्या जानेवारी १९८४ मध्ये. तोवर या बाजाराला १४ वर्षे होत आली होती.

मग माध्यमांतराने बदलले काय? आमच्या मते, प्रेक्षकाचा संकोच कोठे बसतो ती जागा. चित्रगृहात अनोळखी माणसांच्या शेजारी बसून लाजावे लागे. त्या लाजेत एक सामुदायिक धीटपणाही होता. दिवाणखान्यातील संच पाहणारा एक तर एकटा असतो, नाही तर आईवडिलांच्या शेजारी अवघडून बसलेला.

एड्सच्या साथीत शासनाला याच दिवाणखान्यात शिरावे लागले. ब्रिटनने १९८७ मध्ये पडद्यावर थडग्याचा दगड दाखवला आणि घरोघर पत्रके धाडली. त्या निकडीचे मोल आम्ही नाकारत नाही. परंतु भ्यालेला माणूस ऐकतो, विचारत नाही. जर्मनीतील १९९० च्या सुमाराची एक जाहिरातफीत याच्या अगदी उलट वाटेने गेली. बाजारहाटाच्या सामानात निरोध दडवू पाहणारा एक गिऱ्हाईक, आणि त्यांची किंमत दुकानभर ओरडून विचारणारी गल्ल्यावरची बाई. घरातल्या पडद्यात दुकानातली रांग उभी करून त्या फितीने संकोच पुन्हा चारचौघांत आणला आणि त्याला हसण्याची वाट करून दिली.

१९९४ ते २००४ या काळात ‘व्हॉक्स’ या खाजगी जर्मन वाहिनीवर प्रेमविषयक एक कार्यक्रम चालला. त्याच्या शीर्षकातील पहिला शब्द एका अक्षरासह वाचला तर ‘खरे’, त्याविना वाचला तर ‘विक्रीचा माल’. आणि ते अक्षर कंसात ठेवलेले. आम्हांस हे शीर्षक त्या काळातील पुष्कळशा गंभीर निवेदनांपेक्षा प्रामाणिक वाटते. आपण शिकवतो आणि विकतोही, हे त्याने दाराशीच सांगून टाकले.

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकाराकडे पाहावे ते यासाठी. एखादी कृती शिकवते की भुलवते, हे तिच्या सुरावरून ठरत नाही. सूर उसना मिळतो. ती कोणाशी बोलते, कोणाच्या देखत बोलते, आणि ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायला जागा ठेवते काय, यावरून ते ठरते. सरकारी शिक्का किंवा खाजगी वाहिनी पाहून निकाल देणे सोपे खरे. पण तो वाचनाचा आळस होय.