नऊ कोटींची रेषा

सत्य मोजता येते, की ते पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असते? दारिद्र्याचेच पाहा. २०११-१२ साली देशात तेंडुलकर समितीच्या पद्धतीने सुमारे २७ कोटी लोक गरीब ठरले. रंगराजन समितीने २०१४ साली त्याच वर्षाचा आकडा ३६ कोटींवर नेला. मधली नऊ कोटी माणसे होती तेथेच होती. सरकली ती रेषा.

म्हणून दारिद्र्य हा काही दृष्टिभ्रम ठरत नाही. भूक खरी आणि मोजणीही खरी, मात्र माणसाला किती पुरेसे, हे मोजणाऱ्याने (तो बहुधा पोटभर जेवलेला असतो!) आधीच ठरविलेले असते. ग्रामीण भागात दरमहा माणशी ८१६ रुपये की ९७२, हे ठरविताना शेतमजुराला कोणी विचारले होते?