‘ग्रीक’ म्हणजे नेमके कोण?

मराठी नाट्यसमीक्षेत ‘ग्रीक’ हे विशेषण बहुधा प्रशस्तिपत्रासारखे वापरले जाते. एखाद्या शोकात्मिकेला ‘ग्रीक उंची’ बहाल केली की विवेचन पूर्ण झाले, असा आपला समज दिसतो. ही उंची कोणाची, असे मात्र सहसा विचारले जात नाही. व्यवहारात येथे ‘ग्रीक’ म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकातील अथेन्स आणि तेथील एस्किलस, सोफोक्लीस व युरिपिडीस हे तीन नाटककार. एका नगराच्या एका शतकाला आपण सबंध लोकसमूहाचे नाव देऊन मोकळे होतो.

ते लोक तर स्वतःला ‘हेलेनेस’ म्हणवीत. ‘ग्रीक’ हे नाव युरोपभर पसरले ते लॅटिनमधून. पुढे ख्रिस्ती बायझंटाइन काळात ‘हेलेन’ या शब्दाला मूर्तिपूजक असा अर्थ आला आणि ग्रीक बोलणारे ते लोक स्वतःला ‘रोमन’ म्हणवू लागले.

आपल्याकडे हेच लोक ओळखले गेले ते आयोनियावरून आलेल्या ‘यवन’ या नावाने. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक हा योनराजा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ यवनांनी दान दिलेले आहेत. नाशिकच्या लेण्यात इंद्राग्निदत्त हा योनक दाता आहे. यांतील अनेकांची नावे भारतीय आहेत, दान बौद्ध संघाला आहे. ते वंशाने कितपत ग्रीक होते, हा वादाचा विषय. परंतु त्या लेखांत ‘यवन’ शब्दाला तुच्छतेचा स्पर्शही नाही. पुढे हाच शब्द मुसलमानांना लावला गेला आणि मराठीत तो बव्हंशी तिरस्कारानेच उच्चारला गेला.

म्हणजे मुळात एकाच लोकसमूहाची ही दोन नावे. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या नावापुढे आपली मान लवते. आपल्याच परंपरेतील नाव उच्चारताना कपाळाला आठी पडते. दोन्हीकडे मूल्यनिर्णय आधीच झालेला असतो, वस्तू नंतर पाहिली जाते.

शब्दाचा अर्थ रूढी ठरवते, व्युत्पत्ती नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मान्य आहे. पण रूढी तपासणे हेच समीक्षकाचे काम नव्हे काय? ‘ग्रीक’ लिहिताना कोणत्या काळाचे, कोणत्या नगराचे आणि कोणत्या नाटककाराचे, हे सांगावे. सांगता येत नसेल तर विशेषण गाळावे. त्यामुळे नाटकाला कमीपणा येणार नाही, आणि आपले विधान निदान तपासता येईल.