संथपणा फुकट नसतो

आमच्या टीमच्या ग्रुपवर रविवारी रात्री हमखास कुणीतरी नॅरोबोटीचा व्हिडिओ टाकतं. इंग्लंडमधला कालवा, दोन्ही काठांना झाडी, लांबुडकी अरुंद बोट, तिच्या छपरावर फुलझाडांच्या कुंड्या. खाली ठरलेली प्रतिक्रिया येते, ‘सगळं सोडून हे करायला हवं यार!’ प्रोजेक्टसाठी बर्मिंगहॅमला होतो तेव्हा मीही हेच म्हणायचो. आता या वाक्याची चीड येते. त्या पाण्यावर काहीही ‘सोडून’ चालत नाही, हे एकदा हातांनी अनुभवलंय.

आम्ही चौघांनी बोट भाड्याने घेतली आणि टार्डबिगला गेलो. तिथे सव्वादोन मैलांत ३० लॉक आहेत. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, चावी फिरवून झडप उघडायची, पाणी भरलं की पुढचं दार पाठीने रेटायचं. प्रत्येक वेळी लाखभर लिटर पाणी खाली जातं. दहाव्या लॉकला आमच्यातल्या एकाने झडप अर्धवट उघडी ठेवली. तिथे स्वयंसेवक म्हणून काम करणारे एक निवृत्त गृहस्थ धावत आले, त्यांनी ती बंद केली आणि शांतपणे सांगितलं, ‘वरचा टप्पा रिकामा झाला असता, मागच्या बोटी चिखलात रुतल्या असत्या.’ प्रोडक्शन सर्व्हर पाडल्यावर होतो तसा चेहरा झाला आमचा.

हा संथपणा कुणी ध्यानधारणेसाठी निर्माण केलेला नाही. ब्रिजवॉटर कालवा १७६१मध्ये सुरू झाला तो कोळशासाठी. रस्त्यावर घोड्याला जेवढं ओझं ओढता येई, त्याच्या कितीतरी पट तोच घोडा पाण्यावर ओढायचा. जेम्स ब्रिंडलीने लॉक सुमारे ७ फूट रुंद ठेवले, म्हणून बोटीही तेवढ्याच अरुंद झाल्या. पुढे रेल्वे आली, भाव पडले, आणि नावाड्यांची अख्खी कुटुंबं बोटीच्या मागच्या खुराड्यात राहू लागली. मुलं शाळेऐवजी लॉकवर राबायची. त्या गर्दीला आळा घालायला १८७७मध्ये कायदा करावा लागला. आपण ज्याला ‘स्लो लाइफ’ म्हणतो ती कुणाची तरी मजुरी होती.

आणि हे कालवे आपोआप उरले असंही नाही. टार्डबिगलाच १९४५मध्ये एल. टी. सी. रोल्ट यांच्या ‘क्रेसी’ नावाच्या बोटीवर रॉबर्ट आयकमन त्यांना भेटायला आले, आणि पुढच्या वर्षी कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. नंतरची कित्येक वर्षं लोकांनी सुट्टीच्या दिवशी गाळ उपसला, सरकारशी भांडणं केली. केनेट अँड एव्हन कालवा संपूर्ण खुला व्हायला १९९० उजाडलं. दोनशे वर्षांपूर्वीची प्रणाली आजही चालते, कारण कुणीतरी रोज तिची देखभाल करतं. आमच्या धंद्यात देखभालीच्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. तिथेही तेच.

सध्या दोन हजार मैलांचं हे जाळं एक धर्मादाय ट्रस्ट सांभाळतो. २०२७नंतरचं सरकारी अनुदान प्रत्यक्ष मूल्यात आटत जाणार, हे २०२३मध्येच जाहीर झालं. मग पैसा कुठून आणायचा? २०२४च्या एप्रिलपासून, ज्यांच्या बोटीला कायमचा धक्का नाही त्यांच्या परवान्यावर अधिभार लागला. कायद्याप्रमाणे अशा बोटीला एका ठिकाणी सहसा १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. यात हौसेने भटकणारे आहेत, तसे घरभाडं परवडत नाही म्हणून बोटीत राहणारेही आहेत. आपल्याला व्हिडिओत दिसतो तो संथपणा काहीजण नाइलाजाने जगतात. वाढीव बिल त्यांच्याही नावावर येतं.

‘बोटी ज्यांच्या, खर्च त्यांचा,’ असा युक्तिवाद मी ऑफिसात ऐकलाय. तो खोटा आहे. काठच्या वाटेवरून चालणारे, सायकली हाकणारे, गळ टाकून बसणारे बोटवाल्यांहून कितीतरी जास्त आहेत. शिवाय हे पाणी अडवून धरणारे बांध कुणाच्या तरी घराच्या वर असतात. ऑगस्ट २०१९मध्ये टॉडब्रुक जलाशयाचा सांडवा खचला आणि खालच्या व्हेली ब्रिज गावातल्या सुमारे १५०० लोकांना घरं सोडावी लागली. तो जलाशय एकोणिसाव्या शतकात कालव्याला पाणी पुरवायला बांधलेला. त्या गावातल्या किती जणांकडे बोट असेल? देखभाल थांबली तर पाणी परवाना विचारून घरात शिरत नाही. म्हणून हा खर्च सार्वजनिक तिजोरीतूनच झाला पाहिजे.

नॅरोबोटीची भुरळ मला आजही आहे. ताशी ४ मैलांनी जाताना समोरून येणारा प्रत्येक माणूस नमस्कार-चमत्कार करतो, अनोळखी बाई आपल्यासाठी दार धरून उभी राहते, आपणही जाताना मागच्याची सोय करून जातो. ही गंमत एकमेकांवर अवलंबून असण्यातली आहे. तिला ‘सगळं सोडणं’ म्हणणारे त्या बाईला, त्या झडप लावणाऱ्या आजोबांना आणि दर पंधरवड्याला घर हलवणाऱ्या कुटुंबाला चित्रातून पुसून टाकतात.

पुढच्या रविवारी ग्रुपवर व्हिडिओ आला की मी एवढंच विचारणार आहे : मागची झडप कोण लावणार?